न झालेल्या कांजिण्यांचा डाग

प्रिय भिंगरी,

तुझा फॉर्म सोमवारी मिळाला. सोबतची चिठ्ठीही मिळाली, 'बाबा, पान तीनवर सही कर, शनिवारच्या आत परत दे, नेहमीसारखं विसरू नकोस.' विसरलो नाही, पण सहीही केलेली नाही. रविवारी तुझी ज्युदोची निवड चाचणी आहे, चाळीस मुलींमधून सहा जणी घेणार आहेत आणि पालकांच्या सहीशिवाय कुणाला मॅटवर उभंसुद्धा करणार नाहीत, हे सगळं मला पाठ आहे. तरी हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तू मॅटवर उतरू नकोस, सरावालाही नाही, एवढी माझी विनंती आहे. बाप विनंती करायला लागला की कुठेतरी पाणी मुरतंय, हे ओळखण्याइतकी तू हुशार आहेस.

फोन का नाही केला म्हणशील. तीनदा केला. पहिल्यांदा तुझ्या गुडघ्याची चौकशी केली, दुसऱ्यांदा तुमच्या वसतिगृहातल्या जेवणाची, तिसऱ्यांदा 'सहजच केला' म्हणून ठेवून दिला. तू म्हणालीस, "बाबा, तुझं काहीतरी बिनसलंय." बिनसलेलं नाही, पण सांगायचं ते ओठांपर्यंत येतं आणि माघारी जातं. म्हणून आज भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. समोर एका गिऱ्हाइकाचं कपाटाचं कुलूप खोलून ठेवलंय, त्याच्या खिट्ट्या टेबलभर पसरल्यात. संध्याकाळी देतो म्हणून सांगितलंय, म्हणजे त्यालाही ठाऊक आहे की उद्या मिळणार.

तुला लहानपणापासून 'काय झालं' यापेक्षा 'कसं केलं' यातच रस. शाळेत जादूगार आला होता तेव्हा बाकीची मुलं टाळ्या पिटत होती आणि तू त्याच्या टेबलाचं कापड वर करून आत डोकावत होतीस. बाईंनी तुला ओढून बाहेर काढलं. हा गुण कुणाचा ते वेगळं सांगायला नको. तेव्हा मीही 'कसं केलं' इथूनच सुरुवात करतो. 'काय झालं' ते त्याच्या मागोमाग येईल.

सोळा वर्षांपूर्वी मी आणि तुझी आई एका डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसलो होतो. लहान मुलांच्या सर्जन. उंचीला इतक्या कमी की ऑपरेशनच्या टेबलापाशी त्यांना पायाखाली लाकडी पाट लागायचा. हॉस्पिटलात सगळे त्यांना मागून 'पाटवाल्या बाई' म्हणायचे आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांच्या टेबलावर बुटांचा रिकामा खोका होता. झाकणाच्या मधोमध एक भोक, अंगठ्याच्या पेराएवढं. आत बारका कॅमेरा नि दिवा, बाहेर एक जुना टीव्ही. त्या एका भोकातून त्यांनी दोन लांब सळया आत सोडल्या होत्या, टोकाला चिमटे असलेल्या, आणि टीव्हीकडे बघत त्या खोक्यातल्या भिजवलेल्या वाटाण्यांची सालं काढत होत्या. आम्ही आत आलो तरी हातातला वाटाणा पुरा सोलला, मगच मान वर केली. मला त्या बाई तिथेच आवडल्या.

आम्ही गेलो होतो वेगळ्याच काळजीने, पण खोका दिसल्यावर माझं चित्त थाऱ्यावर राहील का? मी विचारलं, हे काय, ते काय, कॅमेरा कुठल्या बाजूने येतो, सळया किती जाड. बाईंनाही सांगायची हौस. म्हणाल्या, पूर्वी पोटातलं काही काढायचं म्हणजे वीतभर चिरायचं. मग दुर्बीण आली, तीन-चार बारीक भोकं पाडायची, एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं. आता त्या पुढची पायरी शिकल्या होत्या. भोक एकच आणि तेही बेंबीत. दुर्बीण तिथूनच, दोन्ही हत्यारं तिथूनच, काढायची वस्तूही तिथूनच बाहेर. बेंबी म्हणजे प्रत्येकाच्या अंगावरचा पहिला व्रण, त्याच्या वळीत आणखी एक दडवला तर कुणाला पत्ता लागत नाही, असं त्या म्हणाल्या.

ऐकायला सोपं वाटतं. पण एका भोकात तीन सळया घातल्या की त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. सरळ घातल्या तर आत टोकं चिकटून चालतात, काम करायला फट राहत नाही. म्हणून त्या भोकापाशी एकमेकींवरून ओलांडून घालायच्या, कात्रीच्या पात्यांसारख्या. मग गंमत अशी होते की उजव्या हातातली सळई आत डाव्या बाजूला निघते आणि डाव्या हातातली उजव्या. पडद्यावर डावीकडचा चिमटा हलवायचा तर उजवा हात हलवायचा. बाई सांगत होत्या, हे शिकताना महिनाभर घरी त्यांचे हात उलटे चालायचे. समोरचा कप उचलायला जावं आणि शेजारची दुधाची वाटी कलंडावी. सासूबाईंनी शेवटी वाटीच ठेवणं बंद केलं.

मी म्हटलं, बाई, मला एकदा देऊन बघा. तुला माहीतच आहे, किल्लीशिवाय कुलूप उघडताना एकाच भोकात दोन तारा असतात. एकीने ताण धरायचा, दुसरीने आतल्या खिट्ट्या एकेक करून उचलायच्या. दिसत काही नाही, बोटांनी बघायचं. मला वाटलं, हा तर आपल्या घरचाच खेळ. पाच मिनिटं मी एका वाटाण्याच्या मागे खोकाभर धावलो आणि शेवटी त्याचा पार भुगा केला. पण सळया एकमेकींवर आपटू दिल्या नाहीत. बाईंनी विचारलं, "काय करता तुम्ही?" मी म्हटलं, कुलपं उघडतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग निम्मं तुम्हाला समजलंच. राहिलेला फरक एवढाच की तुमचं कुलूप श्वास घेत नाही." इतक्यात तुझी आई शांतपणे म्हणाली, "खेळून झालं असेल तर आता बाळाचं बोलू या का?"

बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं होतं. पाच महिन्यांचं, अंगात ताप, मूठ तिच्या ओढणीत अडकलेली. ते बाळ तू होतीस. इथे जरा थांब, पाणी पी आणि मग पुढे वाच.

तुला दर पंधरा-वीस दिवसांनी ताप भरायचा. औषध दिलं की उतरायचा, बंद केलं की पुन्हा हजर. सगळे म्हणायचे, दात येत असतील. मग कुणीतरी लघवी तपासायला सांगितली, तिच्यात जंतू निघाले, आणि सोनोग्राफीत दिसलं की तुझी डावी किडनी तू जन्माला येण्याआधीच बिघडलेली आहे. तिच्यातून खाली उतरणारी नळी इतकी अरुंद की पाणी तुंबून तुंबून किडनीची नुसती पिशवी झालेली. काम काडीचं नाही, उलट त्या साचलेल्या पाण्यात जंतूंनी घर केलेलं. ती काढून टाकायची, एवढाच मार्ग होता. मी विचारलं, एकीवर भागेल का हिचं? बाईंनी सोनोग्राफीचा कागद पुढे सरकवला. म्हणाल्या, ही उजवी बघा, या वयाच्या मानाने मोठी आहे. शेजारीण कामाची नाही हे तिला तुमच्याही आधी कळलंय, तिने दोघींचं काम अंगावर घेतलंय. मी विचारलं, पण तिला सांगितलं कुणी? बाई म्हणाल्या, "ते आम्हालाही अजून नीटसं कळलेलं नाही." मोठी डॉक्टर 'माहीत नाही' म्हणते, याचा मला त्या दिवशी फार धीर आला. का ते सांगता येणार नाही. पण तेव्हापासून मी तुझ्याकडे बघतो तेव्हा मला त्या उजवीचं कौतुक वाटतं.

बाईंनी लपवलं काही नाही. म्हणाल्या, कुशीत चिरून काढता येईल, तीन भोकांतून काढता येईल किंवा एका. बाळ बरं होण्याच्या दृष्टीने तीन काय नि एक काय, फार फरक पडेल अशी खात्री मी देणार नाही. एकात वेळ थोडा जास्त लागतो, आणि तुमच्या बाळाचं सगळं पोट माझ्या तळव्याएवढं, त्यात तीन सळया. मध्येच अडलं तर मी दुसरं भोक पाडेन, गरज पडली तर सरळ उघडेन, तेव्हा माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायचं नाही. मी म्हटलं, मग एवढा खटाटोप कशाला? म्हणाल्या, ती पंधरा-सोळा वर्षांची होऊन आरशासमोर उभी राहील ना, तेव्हासाठी. हे ऐकलं आणि तुझी आई ताठ बसली. तिने एकच विचारलं, "म्हणजे कुणालाही कळणार नाही?"

आता आईचं सांगतो, आणि हे सांगायला मी तिची परवानगी घेतली आहे. तू कधी आईला पोहायला नेऊ शकली नाहीस, आठवतं? दुकानात कपडे घालून बघायचे असले तरी तिला कुणी सोबत नको असतं. ती चार वर्षांची असताना तिचं अपेंडिक्स फुटलं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण पोटावर वरपासून खालपर्यंत जाड, वळलेला व्रण राहिला, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. पाचवीत शाळेच्या पोहण्याच्या तासाला कपडे बदलताना मुलींनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'चेनवाली'. दप्तराच्या चेनवरून. मागून कुणीतरी चेन ओढल्याचा आवाज काढायचं आणि सगळा वर्ग हसायचा. ती वर्गात सगळ्यात जलद पोहायची. त्यानंतर पाण्यात उतरली नाही. मोठेपणी हसणं थांबलं, त्याच्या जागी 'बिचारी' आलं. तिचं म्हणणं, चेनवाली परवडली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेआठला भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तुला माझ्या हातातून घेतलं. तू त्यांच्या चष्म्याची काडी पकडलीस आणि आत जाईपर्यंत सोडली नाहीस. बाहेर आम्ही दोघंच. तुझी आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मी बसल्या जागी कावराबावरा. समोरच्या दाराचं कुलूप खडखडत होतं, स्क्रू ढिला होता. मी खिशातला पेचकस काढून तो घट्ट केला, मग पलीकडच्या दाराचा केला, तिसऱ्याला हात घालणार तोच नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, "अहो भाऊ, हॉस्पिटल आहे, तुमचं दुकान नाही." आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून इतकं रागाने पाहिलं नव्हतं. मग मी पेचकस खिशात टाकला.

अकरा वाजता पाटवाल्या बाई बाहेर आल्या. पहिलं वाक्य, "बाळ छान आहे." मग म्हणाल्या, एक सांगायचंय. बरंचसं काम बेंबीतूनच झालं, पण वरच्या टोकाला रक्तवाहिनीपाशी आतडं सारखं आडवं येत होतं, ते बाजूला धरायला आणखी एक हात हवा होता. तेव्हा त्यांनी डाव्या कुशीत सुईसारखं बारीक भोक पाडलं आणि तिथून धरलं. हट्ट केला असता तर कदाचित एकातूनही झालं असतं, म्हणाल्या, पण कदाचितच्या भरवशावर मी कुणाचं मूल ठेवत नाही. मी काढलेली किडनी बघायला मागितली. आईने कपाळाला हात लावला, पण बाईंनी खरंच वाटीत आणून दाखवली. आतलं पाणी आधी काढून घेतलेलं, त्यामुळे ती चिमूटभर झालेली, सुकलेल्या मनुकेसारखी. एवढ्याशा वस्तूने आमची तीन महिने झोप उडवली होती.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलली तेव्हा आईने वाकून बघितलं. बेंबी बेंबीसारखी. जरा सुजलेली, बाकी कुणाच्याही बाळाची असते तशी. कुशीत तिळाएवढा ठिपका. आई हसली, मग रडली, मग पुन्हा हसली, आणि त्याच दुपारी मला म्हणाली, "हे आपल्या दोघांत राहू दे. तिला कधीच कळायला नको. तिच्या अंगावर खूण नाही, तर मनावर कशाला?" मी हो म्हटलं. खरं सांगतो, मला तेव्हा तू घरी येतेस एवढंच दिसत होतं, कशालाही हो म्हटलं असतं. निघताना बाईंनी फाइल हातात दिली आणि बजावलं, व्रण दिसत नाही म्हणून ऑपरेशन झालंच नाही असं करू नका. पाच-सहा वर्षांची झाली की गोष्टीसारखं सांगा, म्हणजे तिला ते पहिल्यापासून ठाऊक असेल. दरवर्षी लघवी आणि रक्तदाब तपासा. आजारपणात, औषधांत, खेळात तिने ते सांगितलं पाहिजे. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. फाइल घरी न नेता दुकानातल्या खालच्या खणात ठेवली.

मग थापांना सुरुवात झाली. एक थाप पचली की दुसरी लागते, तसं झालं. सात वर्षांची असताना तू कुशीतला ठिपका दाखवून विचारलंस, हे काय? मी म्हटलं, कांजिण्यांचा डाग. तू विचारलंस, मग एकच कशी आली? मी म्हटलं, बाकीच्या तुला घाबरून पळाल्या. तू खिदळत गेलीस. तुला कांजिण्या कधी झालेल्याच नाहीत, भिंगरी. दर वाढदिवसाच्या महिन्यात लघवीची बाटली भरून द्यावी लागायची, तेव्हा सांगितलं होतं की सगळ्याच मुलांना द्यावी लागते. तू वर्गातल्या बत्तीस जणांना विचारून आलीस आणि जाहीर केलंस, कुणालाच लागत नाही. आईने आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि मी म्हटलं, आपल्या घरात शिस्त आहे. ती शिस्त तू आजवर पाळलीस. पाच वर्षांची झालीस की सांगू, दहाव्या वर्षी सांगू, मोठी झाली की सांगू, असं करत मी रोज उद्यावर ढकललं. दुसऱ्यांची कुलपं उघडणारा माणूस मी. आईला बोल लावत नाही. ती भीतीपोटी गप्प होती, मी नुसता आळसापोटी.

आम्ही तुला पोहायला घातलं होतं. तू शेजारच्या हॉलमधला धबधब आवाज कुठून येतो ते बघायला गेलीस आणि परत आलीच नाहीस. मॅटवर मुली एकमेकींना कशा उचलून आपटतात, छोटी मुलगी मोठीला कशी पाडते, हे तुला कळून घ्यायचं होतं. महिन्याभरात तू ज्युदोची झालीस. आई म्हणाली, मुलींनी ही मारामारी कशाला? तू चिडलीस. तू म्हणालीस, आई, तू जुन्या काळात राहतेस, तुला मुलगी म्हणजे काचेची बाहुली वाटते. तिने आयुष्यात असा विचार कधी केला नाही, पण खरं कारण सांगण्यापेक्षा तिने मागासलेली ठरणं पसंत केलं. दोन वर्षं तू तिच्याशी कामापुरतं बोलतेस. वसतिगृहात जाताना तिच्या पायाला हात लावलास, तिच्याकडे बघितलं नाहीस. आणि मी मधल्या मध्ये दोघींना 'जाऊ दे' म्हणत राहिलो. तुझ्या सामन्यांना मी प्रेक्षकांत बसायचो, तू पाठीवर पडलीस की माझ्या मुठी आवळायच्या. शेजारचे म्हणायचे, किती रंगून बघतात. मी बघत नव्हतो, मोजत होतो, कुठल्या कुशीवर पडली ते.

सोमवारी फॉर्म आला. पान तीनवर पालकांची सही, तिच्याच वर एक प्रश्न आहे, 'पूर्वी कोणतीही शस्त्रक्रिया झाली आहे का?' समोर तुझ्या अक्षरात 'नाही', खाली दोन रेघा मारलेल्या. इतक्या खात्रीने लिहिलेलं ते 'नाही' मी बराच वेळ बघत होतो. खाली सही केली तर ते खोटं तुझं राहणार नव्हतं. मंगळवारी सकाळी फाइल काढली, घरी येऊन आईसमोर ठेवली आणि म्हटलं, चल, बाईंकडे. मला वाटलं, नाही म्हणेल. तिने पायात चपला घातल्या.

बाईंचे केस पांढरे झालेत, पाट तोच आहे. आधी त्यांनी मला शिस्तीत झापलं, ते मी इथे लिहीत नाही. मग सांगितलं, एका किडनीवर माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो, पोहतो, पळतो. ज्युदोत कमरेत मार बसायचा धोका थोडा आहे, पण ज्याच्याजवळ एकच आहे त्याने तो थोडासुद्धा जाणून घ्यायचा. तपासणी करू, कमरेला संरक्षण बांधता येतं, तुमच्या प्रशिक्षण केंद्राच्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलतील, आणि मग ठरवायचं तुझ्याबरोबर, तुझ्या पाठीमागे नाही. त्यांचे शब्द सांगतो. "खेळू नको असं मी म्हणत नाही. माहीत नसताना खेळू नको असं म्हणते." मग त्यांनी विचारलं, तिचं ऑपरेशन बघायचंय? दुर्बिणीतून जे दिसतं ते सगळं तेव्हा चित्रित होत असे, त्यांनी ते जपून ठेवलंय. मी म्हटलं, दहा मिनिटं दाखवा. आई म्हणाली, सगळं दाखवा.

भिंगरी, आम्ही तुला आतून पाहिलं. गुलाबी, ओलं, चकाकणारं, आणि तुझ्या काळजाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सगळं जरासं हलणारं. दोन चिमटे डावे-उजवे उलटे होऊन काम करत होते आणि एकदाही कुठे घाई नव्हती. रक्तवाहिनी दोऱ्याएवढी, तिच्याभोवतीचं पापुद्र्यासारखं काहीतरी बाई इतक्या हळू बाजूला करत होत्या की मी नकळत श्वास धरून ठेवला होता. मग एक सुईसारखी तिसरी सळई कुशीतून आत आली, आतडं अलगद बाजूला धरून थांबली, आणि वाट मोकळी झाली. तुझ्या कांजिण्यांचा डाग तो हा. आईने दोन तास पडद्यावरून नजर हलवली नाही. संपल्यावर बाईंना म्हणाली, "एवढं सुंदर काम, आणि मी ते तोंड लपवण्यासारखं मानून बसले." बाईंनी शुक्रवारी सकाळी तुझ्यासाठी वेळ राखून ठेवलाय, खोका आणि वाटाणेही तयार ठेवते म्हणाल्या. त्यांना कळलंय की तू प्रश्न विचारणारी आहेस. तपासणीनंतर तू जे ठरवशील त्याच्याखाली मी सही करेन. रविवार हुकला तर पुढची चाचणी सहा महिन्यांनी आहे, हे तुला किती लागेल ते मला माहीत आहे आणि तो दोष सर्वस्वी आमचा आहे.

आता हे लिहून का पाठवलं ते. मी म्हणत होतो, दोघं जाऊ आणि समोर बसून सांगू. आई नको म्हणाली. तिचं म्हणणं असं, "मी बोलायला लागले की रडेन. मी रडले की ती मला समजावत बसेल, आणि तिचं रागवायचं राहून जाईल. तिला आधी मनासारखं रागावता आलं पाहिजे, मी समोर नसताना." म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते पोस्टाने आलेलं नाही. तुमच्या रखवालदाराने ते वर आणून दिलं असेल, आणि तुला वाटलं असेल, बाबाने कुणाच्या तरी हाती धाडलं. आई घेऊन आली आहे. मी हे आदल्या दुपारी लिहितोय, पण तू वाचशील तेव्हा ती सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन, फॉर्म आणि फाइल पिशवीत घेऊन, खाली फाटकाजवळच्या बाकावर बसलेली असेल. तू बोलावल्याशिवाय ती वर येणार नाही. मी तिला विचारलं, तिने लवकर बोलावलंच नाही तर किती वेळ बसशील? म्हणाली, "सोळा वर्षांचं आहे, वेळ लागणारच."

रागावलीस तरी तुझाच,
बाबा